ब्राउन निकाल वर्गापर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागली? (अमेरिकी सरकारी शाळांमधलं वांशिक एकत्रीकरण)

खडूफळा

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘ब्राउन’ खटल्यात वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा ९-० असा निकाल दिला आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एक झाल्या, असं मराठीतल्या बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकलेलं असतं. आकडे वेगळं सांगतात. दक्षिणेतल्या राज्यांत, जिथे गोरी मुलं निम्म्याहून जास्त आहेत अशा शाळेत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण १९६० मध्ये ०.१ टक्के होतं. १९६४ मध्ये २.३ टक्के. निकालाला दहा वर्षं झाली तरी शंभरातली जवळजवळ अठ्ठ्याण्णव मुलं होती तिथेच होती. आणि मग १९६८ मध्ये २३.४, १९७० मध्ये ३३.१.

पहिली दहा वर्षं गाडी का हलली नाही आणि पुढच्या सहा वर्षांत कशाने हलली, यासाठी हा धागा.

सुरुवात कोर्टापासूनच करावी लागते. १९५४ च्या निकालाने तत्त्व सांगितलं, अंमलबजावणी पुढे ढकलली. ३१ मे १९५५ च्या दुसऱ्या निकालात ती जिल्हा न्यायालयांवर सोपवली आणि ‘विचारपूर्वक त्वरेने’ अशा अर्थाचे शब्द वापरले. तारीख नाही, टक्केवारी नाही, चुकलं तर काय हेही नाही. राज्यांनी यातला ‘विचारपूर्वक’ हा शब्द तेवढा उचलला.

उघड विरोध सगळ्यांना माहीत असतो. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत न्यायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कराची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवावी लागली. पण जास्त मुलं अडवली ती सैनिकांच्या फोटोंत न दिसणाऱ्या कागदांनी. त्यांचं नाव ‘विद्यार्थी नेमणूक कायदा’. रीत अशी: सगळी मुलं आहेत त्या शाळेत राहणार. बदली हवी असेल तर पालकाने एकेका मुलासाठी वेगळा अर्ज करायचा. अर्जावर निर्णय देताना स्थानिक शाळा-बोर्डाने जागा, वाहतूक, अभ्यासाची तयारी, मुलाची मानसिक जडणघडण, बदलीमुळे शांतताभंग होण्याची शक्यता वगैरे पाहायचं. वंश हा शब्द कुठेही नाही. नकार आला की बोर्डाकडे फेरविचार, मग अपील, मग कोर्ट. तोवर मूल पुढच्या इयत्तेत गेलेलं. अलाबामाचा असा कायदा १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही निव्वळ शब्दांवरून पाहिला आणि वैध धरला. हजारो मुलांचा प्रश्न एकेका मुलाच्या फायलीत विभागून टाकला की कोणतीच संघटना तेवढे खटले लढवू शकत नाही, हे त्यामागचं गणित होतं.

दफ्तर

चांगला विषय. एक विचारायचं होतं. ब्राउन म्हणजे कॅन्ससमधल्या टोपीका शहराची केस, एवढंच वाचलंय. पण तुम्ही सगळं दक्षिणेबद्दल लिहिताय. टोपीका तर दक्षिणेत येत नाही ना?

नदीकाठची

@दफ्तर, ‘ब्राउन’ हे पाच खटल्यांपैकी एकाचं नाव. टोपीका (कॅन्सस), क्लॅरेंडन काउंटी (साउथ कॅरोलायना; काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), प्रिन्स एडवर्ड काउंटी (व्हर्जिनिया), डेलावेअर आणि वॉशिंग्टन डी.सी. पाचवा वेगळ्या निकालपत्रात आहे, कारण समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना लागू होते आणि डी.सी. हे राज्य नाही. तिथे पाचव्या दुरुस्तीचा आधार घ्यावा लागला.

टोपीकातल्या दोन्ही प्रकारच्या शाळा इमारत, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता यांत बऱ्याच सारख्या होत्या. त्यामुळे ‘सुविधा समान असल्या तरी वेगळं ठेवणं हीच विषमता’ हा मुद्दा तिथे स्वच्छ मांडता आला. बाकी ठिकाणी सुविधांचीच बोंब होती. क्लॅरेंडनच्या पालकांची पहिली मागणी तर फक्त एका स्कूलबसची होती. गोऱ्या मुलांसाठी बसेस होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नाही.

प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या फार्मव्हिलची कृष्णवर्णीय मुलांची मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेली. १९५१ पर्यंत पट ४५० च्या वर गेला होता. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळ्या शाळेचा संप घडवून आणला. मागणी नव्या इमारतीची होती. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी अट घातली की खटला चालवू, पण चांगल्या वेगळ्या शाळेसाठी नाही, एकत्र शाळेसाठी. मुलं आणि पालक तयार झाले. पाचांपैकी हा एकच खटला विद्यार्थ्यांनी सुरू केलेला.

सातबारा

त्या अटीमागे वीस वर्षांची आखणी होती. एनएएसीपीचे वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचे विद्यार्थी थरगुड मार्शल यांनी मुद्दाम वरून सुरुवात केली. आधी लॉ कॉलेजं आणि पदव्युत्तर शिक्षण. कारण साधं: कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ कॉलेज बहुतेक राज्यांत नव्हतंच, म्हणजे ‘वेगळे पण समान’ असेल तर चालेल या तेव्हाच्या नियमातलं समान कुठे आहे ते दाखवा म्हटलं की राज्य अडकायचं. शिवाय विद्यार्थी संख्येने थोडे आणि वयाने मोठे, त्यामुळे गोऱ्या पालकांचा भडका कमी. जिंकलेले खटले असे: १९३६ मेरीलँड, १९३८ मिसूरी, मग १९५० मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा. ओक्लाहोमात विद्यार्थ्याला प्रवेश दिला, पण वर्गात, वाचनालयात आणि खानावळीत वेगळी जागा नेमून दिली होती. कोर्टाने तेही रद्द केलं. इमारत एक असूनही विषमता असू शकते, हे तिथे मान्य झालं, आणि १९५४ चा युक्तिवाद त्याच पायावर उभा राहिला.

पाऊलवाट

प्रिन्स एडवर्डचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही.

१९५९ मध्ये कोर्टाने एकत्रीकरणाचा आदेश दिल्यावर काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. सगळ्या सरकारी शाळा बंद. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली आणि तिच्या फीसाठी सरकारी अनुदान व करसवलत मिळाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांना काहीच उरलं नाही. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यात पाठवलं, काही चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकली, कित्येकांचं शिक्षण कायमचं सुटलं. १९६३-६४ मध्ये देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा निघाल्या. मे १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरज पडली तर कर लावून शाळा उघडण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकतं. त्या शरद ऋतूत शाळा उघडल्या. पाच वर्षं गेली होती. १९५९ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल अकराव्या वर्षी पहिल्यांदा सरकारी शाळेत बसलं असेल. व्हर्जिनियाने या लोकांसाठी शिष्यवृत्ती काढली ती २००४ मध्ये, त्यांच्या पन्नाशीत.

खडूफळा

@पाऊलवाट, हे लिहिलंत ते बरं केलंत.

आता १९६४ नंतरचं. दोन कायदे लागोपाठ आले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण: भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही. आणि एप्रिल १९६५ चा शालेय शिक्षण कायदा: गरीब मुलं असलेल्या शाळांना वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर. पहिला कायदा एकटा असता तर दक्षिणेच्या शाळा-डिस्ट्रिक्टांना (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांना) गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं, कारण शाळांना केंद्राकडून फार पैसा जातच नव्हता. दुसऱ्याने समोर पैसा ठेवला आणि पहिल्याने तो काढून घेण्याची धमकी खरी केली.

मग शिक्षण खात्याने १९६६ मध्ये मोजमाप दिलं. ‘निवड-स्वातंत्र्य’ योजना असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये आदल्या वर्षी ८-९ टक्के कृष्णवर्णीय मुलं हलली असतील तर पुढच्या वर्षी निदान दुप्पट अपेक्षित, ४-५ टक्के असतील तर तिप्पट. ब्राउननंतर बारा वर्षांनी कुणीतरी पहिल्यांदा आकडा मागितला.

निवड-स्वातंत्र्य म्हणजे कोणत्या शाळेत जायचं ते प्रत्येक कुटुंबाने ठरवायचं. ऐकायला न्याय्य. व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीत दोनच शाळा, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. तीन वर्षं ही योजना चालली. एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची वॉटकिन्स शाळा निवडली नाही. ११५ कृष्णवर्णीय मुलांनी दुसरी निवडली, ८५ टक्के होती तिथेच राहिली. का राहिली? जमीन कुळाने कसणाऱ्या, गोऱ्या मालकाकडे राबणाऱ्या बापाने तो फॉर्म भरायचा म्हणजे काम आणि घर दोन्ही पणाला लावायचं. ओझं व्यवस्थेवरून उचलून मुलावर आणि बापावर टाकलं होतं. मे १९६८ च्या निकालात कोर्टाने ते परत बोर्डाच्या खांद्यावर ठेवलं: आत्ता, प्रत्यक्ष चालेल अशी योजना द्या. तपासायच्या बाबीही सांगितल्या. विद्यार्थी, शिक्षक, इतर कर्मचारी, वाहतूक, खेळ व इतर उपक्रम, इमारती. त्यानंतर अनेक दशकं प्रत्येक खटल्यात याच सहा गोष्टी तपासल्या गेल्या. १९६९ मध्ये मिसिसिपीच्या प्रकरणात ‘विचारपूर्वक त्वरा’ संपली, ताबडतोब करा, असं कोर्टाने सांगितलं.

दफ्तर

आणि बसिंग, म्हणजे एकत्रीकरणासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत नेणं? ‘मुलांना उगाच शहरभर फिरवलं’ एवढंच ऐकायला मिळतं.

सातबारा

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा १९७१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, त्यात आकडे आहेत. शार्लट-मेक्लेनबर्ग डिस्ट्रिक्टमध्ये १०७ शाळा, ८४,००० हून जास्त मुलं, ७१ टक्के गोरी, २९ टक्के कृष्णवर्णीय. शहरातल्या २१,००० कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे १४,००० अशा २१ शाळांत होती जिथे गोरं मूल जवळजवळ नव्हतंच.

योजना आखायची रीत अशी. आधी हद्दी सरकवून पाहायच्या. शाळेच्या हद्दीचा आकार पाचरीसारखा, मध्यवस्तीतून उपनगराकडे पसरणारा. एवढ्याने बऱ्याच शाळा बसतात. ज्या बसत नाहीत त्यांचे गट करायचे: मध्यवस्तीतली एक कृष्णवर्णीयांची प्राथमिक शाळा आणि बाहेरच्या दोन-तीन गोऱ्यांच्या. मग इयत्ता वाटायच्या. शार्लटमध्ये पहिली ते चौथीची कृष्णवर्णीय मुलं बाहेर पाठवली आणि पाचवी-सहावीची गोरी मुलं आत आणली.

प्रवास किती? प्राथमिकच्या मुलांना सरासरी सात मैल, जास्तीत जास्त ३५ मिनिटं. आणि त्याच्या आदल्या वर्षी, एकत्रीकरणाची योजना नसताना, त्याच डिस्ट्रिक्टमध्ये २३,६०० मुलं एका बाजूने सरासरी १५ मैल, तासाहून जास्त, बसने जात होती. तेव्हा बसबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

पण इयत्तांची वाटणी परत बघा. सहा वर्षांचं कृष्णवर्णीय मूल चार वर्षं बसने जाणार, गोरं मूल दोनच वर्षं, तेही मोठं झाल्यावर. ही फक्त शार्लटची गोष्ट नाही. ओझं सारखं वाटलं गेलं नाही, आणि कृष्णवर्णीय पालकांचा राग या असमानतेवर होता, हे नोंदलं पाहिजे.

तिसरी घंटा

ओझ्याचा विषय निघालाच आहे तर शिक्षकांचंही लिहा. एकत्रीकरण झालं म्हणजे दोन शाळांची एक झाली. उरली कोणती? जवळजवळ नेहमी गोऱ्यांची. कृष्णवर्णीयांची हायस्कूल बंद व्हायची किंवा खालच्या इयत्तांची शाळा व्हायची. नाव, ढाली, शाळेचे रंग, बँड सगळं अडगळीत. मुख्याध्यापक उपमुख्याध्यापक व्हायचे किंवा कार्यालयात नावापुरतं पद मिळायचं. १९५४ ते १९६५ या काळात सतरा राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व प्रशासक पदांवरून गेले असा अंदाज सर्वत्र दिला जातो. टोपीकात तर निकालाच्या आधीच, मार्च १९५३ मध्ये, अधीक्षकांनी पत्रं धाडली होती: वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या तर गोऱ्या मुलांसाठी निग्रो शिक्षक बहुसंख्य लोकांना नको असतील असं धरून बोर्ड चालेल, म्हणून पुढच्या वर्षीच्या नोकरीची हमी देता येत नाही.

कायद्याने हे अडवायला उशीर झाला. पाचव्या सर्किट कोर्टाने (दक्षिणेतल्या काही राज्यांसाठीचं केंद्रीय अपील कोर्ट) सिंगल्टन प्रकरणात प्रत्येक शाळेतलं शिक्षकांचं प्रमाण डिस्ट्रिक्टइतकं ठेवायला सांगितलं आणि पदं कमी करताना वस्तुनिष्ठ निकष लावायला लावले, तोवर १९६९ संपत आलं होतं. कृष्णवर्णीय समाजात पदवी घेतलेल्या माणसासाठी शिक्षकी ही सर्वात भरवशाची नोकरी होती. म्हणून एकत्रीकरणाला निव्वळ विजय म्हणणं मला पटत नाही.

खडूफळा

@तिसरी घंटा, मान्य. मूळ पोस्टमध्ये हे यायला हवं होतं. फक्त एक भर: ही हानी एकत्रीकरणाच्या तत्त्वामुळे झाली नाही, ते राबवणारी बोर्डं तीच जुनी होती म्हणून झाली. कोर्टाने मुलं मोजली आणि बराच काळ शिक्षक मोजलेच नाहीत.

नदीकाठची

उत्तरेकडे वळूया, कारण गाडी अडली ती तिथे.

दक्षिणेत शाळा-डिस्ट्रिक्ट बहुधा अख्ख्या काउंटीचं असतं. शार्लटचं डिस्ट्रिक्ट ५५० चौरस मैलांचं, शहर आणि उपनगर दोन्ही आत. घर बदललं तरी डिस्ट्रिक्ट तेच. उत्तरेत प्रत्येक छोट्या गावाचं वेगळं डिस्ट्रिक्ट. डेट्रॉइटच्या शाळांत १९७० मध्ये सुमारे ६४ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती आणि भोवतालची डिस्ट्रिक्टं गोरी. शहराच्या आत कितीही हद्दी सरकवल्या तरी मिसळायला गोरी मुलं पुरेशी नव्हती. म्हणून खालच्या कोर्टाचे न्यायाधीश रॉथ यांनी ५३ उपनगरी डिस्ट्रिक्टं योजनेत घ्यायचं ठरवलं. २५ जुलै १९७४ रोजी सुप्रीम कोर्टाने ५-४ ने ते फेटाळलं: उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग त्यांना ओढता येणार नाही. मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. त्यांनी विरोधी मत लिहिलं. माझ्या मते ब्राउनचा हात इथेच बांधला गेला. डिस्ट्रिक्टची रेघ ओलांडली की कोर्ट तुमच्या मागे येणार नाही, हे घर घेणाऱ्या प्रत्येकाला कळलं.

आणि ही रेघ फक्त मुलांची नाही, पैशांचीही आहे. आदल्याच वर्षी टेक्सासच्या रॉड्रिगेझ प्रकरणात सॅन अँटोनियोतल्या दोन डिस्ट्रिक्टांचे आकडे कोर्टापुढे होते. एजवुड: बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची, दर मुलामागे मालमत्ता ५,९६० डॉलर, शंभर डॉलरला १.०५ डॉलर कर, त्यातून दर मुलामागे २६ डॉलर. अलामो हाइट्स: मालमत्ता ४९,००० हून जास्त, कर फक्त ८५ सेंट, तरी ३३३ डॉलर. राज्य आणि केंद्राचे पैसे मिळवूनही ३५६ विरुद्ध ५९४. जास्त दराने कर भरणाऱ्याची शाळा गरीब. कोर्टाने हेही ५-४ ने घटनेला धरून आहे असं म्हटलं.

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कोणतं?’ हा पहिला प्रश्न असतो. ती रेघ कुठून आली, हे त्या घराच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

दफ्तर

हे मला अजिबात माहीत नव्हतं. मग मुलांना प्रत्यक्ष फायदा झाला का?

सातबारा

राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांच्या वाचनातलं गोरे-कृष्णवर्णीय अंतर १९७१ मध्ये ३९ गुणांचं होतं, १९८८ मध्ये १८. सगळं श्रेय एकत्रीकरणाला देता येणार नाही, त्याच काळात शाळांचा पैसाही वाढला. पण १९८८ हेच दक्षिणेतल्या एकत्रीकरणाचं शिखर आहे: ४३.५ टक्के (पहिल्या पोस्टमधलंच प्रमाण). पुढे १९९१ च्या ओक्लाहोमा सिटी निकालापासून न्यायालयीन देखरेख उठवणं सोपं झालं. शार्लटची योजना २००२ मध्ये थांबली. २००७ मध्ये सिएटल आणि लुइव्हिलच्या प्रकरणात, डिस्ट्रिक्टने स्वखुशीने वंश पाहून मुलं वाटणंही अवैध ठरलं. २०११ चा आकडा २३.२, म्हणजे पुन्हा १९६८ च्या जागी.

पाऊलवाट

आपल्या इतिहासाशी एक धागा जुळतो. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मुंबई सरकारने आधी नकाराचीच बाजू घेतली. वरून नापसंती आल्यावर १८५८ मध्ये जाहीर केलं की पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या आहेत. गावोगावच्या वर्गांत मात्र मुलं बाहेर व्हरांड्यातच बसत राहिली. आदेश होता, मोजणारं कुणी नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना, आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

तिसरी घंटा

@सातबारा, ‘पुन्हा १९६८’ यावर अभ्यासकांत वाद आहे ना? काही जण म्हणतात विलगीकरण फारसं वाढलेलंच नाही.

सातबारा

वाद मोजपट्टीचा आहे. उदाहरण घेऊन दाखवतो, आकडे काल्पनिक.

दोन शाळा. पहिलीत ७०० गोरी, ५० कृष्णवर्णीय. दुसरीत १०० गोरी, १५० कृष्णवर्णीय. पहिली मोजपट्टी असमानतेची: प्रत्येक शाळेत एकूण गोऱ्यांचा किती हिस्सा आणि एकूण कृष्णवर्णीयांचा किती, यांतला फरक काढा, बेरीज करा, निम्मी करा. पहिल्या शाळेत ८७.५ आणि २५, दुसरीत १२.५ आणि ७५. फरक ६२.५ व ६२.५. उत्तर ६२.५. शून्य म्हणजे पूर्ण समान वाटणी. दुसरी मोजपट्टी सहवासाची: सरासरी कृष्णवर्णीय मुलाच्या शाळेत गोरी मुलं किती टक्के? इथे सुमारे ५३.

वीस वर्षांनी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये १५० गोरी, ४५० लॅटिनो, २०० कृष्णवर्णीय, आणि दोन्ही शाळांत अगदी निम्मीनिम्मी. असमानता ६२.५ वरून शून्य. बोर्डाने आपलं काम चोख केलं. सहवास ५३ वरून १९ च्या खाली. दोन्ही आकडे खरे. १९८८ आणि २०११ चे आकडे दुसऱ्या मोजपट्टीच्या जातीचे आहेत, त्यांत लोकसंख्येतला बदलही मिसळलेला असतो. म्हणून कुठलाही आलेख पाहताना आधी पट्टी कोणती ते बघायचं, आणि मग मोजणी एका डिस्ट्रिक्टच्या आतली आहे की डिस्ट्रिक्टा-डिस्ट्रिक्टांमधली. १९७४ नंतर बहुतेक फरक त्या दुसऱ्या ठिकाणी सापडतो.